दुलमुल म्हणजे शेताचं पाणी

माझ्या पुठ्ठ्यावर बुरशी चढली आहे आणि खाऱ्या हवेनं कडा फुगल्या आहेत. मित्रांनो, मी एक जुनं वाचनपुस्तक आहे. लग्न होऊन परदेशातून कोरियात आलेल्या बायकांना इथली भाषा वाचता यावी, म्हणून मला छापलं. दक्षिणेकडच्या एका मच्छीमार गावात, सहकारी संस्थेच्या माडीवर वर्ग भरे. शिकवायला होत्या निवृत्त शिक्षिका ओकबुनबाई.

बाई वाचनाच्या युक्त्या सांगत. आधी मथळा वाचा. चित्र पाहा. धड्यात काय असेल ते मनाशी ताडा. "आणि अडलेल्या शब्दापाशी अडून बसू नका गं! मागचं-पुढचं बघा, अर्थ लावा आणि चला पुढे!"

माझी पहिली मालकीण तुयेत, व्हिएतनामची. ती अवघड शब्दाचे तुकडे पाडी, ओळखीचा तुकडा धरी आणि उरलेल्याचा अंदाज बांधी. तो अंदाज पेन्सिलीनं माझ्या समासात लिहून ठेवी, आपल्या भाषेत. दहातले नऊ बरोबर निघत. "बघा, असं वाचायचं!" असं बाई वर्गाला म्हणत, तेव्हा मलाच अभिमान वाटे.

माझा नववा धडा भातशेतीचा आहे. त्यात 'दुल' हा शब्द येतो. दुल म्हणजे शेत. 'मुल' म्हणजे पाणी, हे तुयेतला ठाऊकच होतं.

जून महिना होता. बाकीच्या बायका कुणाच्या तरी साठीच्या जेवणाला गेल्या होत्या. तुयेत एकटीच मला घेऊन किनाऱ्यावरच्या शेडमध्ये आली. तिथल्या फळ्यावर लिहिलं होतं, 'दुलमुल, दोन वाजता.' हा शब्द तिनं पहिल्यांदाच पाहिला. तिनं मला उघडलं आणि नवव्या धड्याशेजारी लिहिलं, 'शेताचं पाणी.' लावणीचे दिवस होते, अंदाज चपखल बसला. दोनला पाटाचं पाणी सोडणार असतील, आपल्याला काय त्याचं! मला बाकावर ठेवून ती तिसऱ्या-शिंपले वेचायला ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलात उतरली. धुक्यात दहा पावलांवर दिसेनाशी झाली.

पण 'दुल' म्हणजे आत शिरणंसुद्धा. दुलमुल म्हणजे भरती; तिच्या सासरी भरतीला वेगळाच शब्द वापरत. तो अर्थ माझ्या एकाही पानावर नव्हता.

टोपली सापडली. तुयेत सापडली नाही. तिचा नवरा फळ्यासमोर उभा राहून म्हणत होता, "तिला वाचता येत होतं. तिला वाचता येत होतं हो!" कारण फक्त मला ठाऊक होतं, आणि पुस्तकाला तोंड नसतं.

सहा वर्षं मी बंद कपाटात होतो. मग मी क्वेनच्या हाती आलो. तीही तिकडचीच. समास पाहून ती हरखली, "अगं बाई, ही तर आपली भाषा!" त्या अनोळखी अक्षराला ती ताई म्हणू लागली. छापलेली ओळ वाचण्याआधी ती ताईचा अंदाज वाचे. एकेक पान उलटत ती नवव्या धड्याकडे निघाली होती आणि मला काही करता येत नव्हतं. तिथे पोचल्यावर तिनं 'शेताचं पाणी' आपल्या वहीत उतरवून घेतलं.

डिसेंबरातली सकाळ. कापणी होऊन शेतं गोठून पडलेली. आभाळ आणि चिखल एकाच रंगाचे. फळ्यावर होतं, 'दुलमुल, अकरा वाजता.'

"शेताचं पाणी," क्वेन पुटपुटली. तिनं एक पाय चिखलात टाकलाही होता. मग काय वाटलं कुणास ठाऊक, खात्रीसाठी तिनं मला उघडलं.

तुयेतच्या अंदाजाखाली आणखी एक ओळ होती. तेच तिरकं अक्षर. 'धाकटे, हिवाळ्यात शेताला पाणी कशाला?'

मित्रांनो, माझ्यावर ओढलेली रेघ न रेघ मला आठवते. ही ओळ आठवत नाही. तेवढ्याच जागी कागद ओला होता.

क्वेन वळली. शेडमध्ये एक म्हातारी जाळं आवरत होती.

"आजी, शेताचं पाणी आत्ता कशाला सोडतात?"

"कुठलं शेत?"

"हे काय, दुलमुल."

"अगं भरती ती! पाय काढ, सूनबाई, वर ये आधी!"

क्वेन वर आली. थोड्याच वेळात, जराही आवाज न करता, पाणी शेडच्या पायरीला लागलं.

दुपारी तिनं मला ओकबुनबाईंसमोर ठेवलं आणि दोन्ही ओळींचा अर्थ सांगितला. बाईंनी चष्मा काढला. चुकीचा अंदाज पुसायला खोडरबर उचललं. मग तसंच परत ठेवलं.

"मी पोरींना अर्धीच युक्ती शिकवली," त्या म्हणाल्या. "अंदाज बांधा म्हटलं. विचारा म्हटलं नाही."

आता बाई वर्गात प्रत्येक अंदाजापुढे प्रश्नचिन्ह काढतात, आणि ते मिटल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पुस्तकाला अधूनमधून ऊन दाखवा. समासात कुणाचं अक्षर दिसलं तर खोडू नका. पण ते खरं का, हे एखाद्या जिवंत माणसाला विचारा. गेलेल्यांना दर वेळी वेळेवर पोचता येत नाही.