दह्याचं वजन

भगवानरावांनी वहाणा काढल्या, फेटा उतरवला आणि कमरेची पानाची चंचीही सोडून केशरबाईंच्या हाती दिली.

"चंची कितीक भरती?" आडतीवरचा मापाडी लिंबाजी हसला. "ऱ्हाऊ द्या की कमरेला."

"न्हाई बाबा. दह्याच्या नावावर सुपारी नको."

वालूरच्या आडतीवर ज्वारी घालायला आलेली माणसं हातातलं काम सोडून जवळ सरकली. भगवानराव साखळी धरून टांगत्या पारड्यात मांडी घालून बसले, तसा काटा करकरला. केशरबाईंनी पदर सावरला आणि दुसऱ्या पारड्यावर नजर लावली.

महिन्यापूर्वी गुडघे धरले म्हणून दोघं जिंतूरच्या डॉक्टरकडे गेले होते. तिथे भगवानराव शहाऐंशी किलो भरले. डॉक्टरनं दूध, तूप, साखर बंद केली. दह्याचं काय, असं भगवानरावांनी अगदी पडलेल्या आवाजात विचारलं, तेव्हा त्याला दया आली असावी. वाटीभर खा म्हणाला. घरी आल्यावर या वाटीचा वाडगा झाला.

"दह्यानं माणूस फुगतंय," केशरबाई म्हणायच्या.

"दही थंड असतंय. चरबी उतरवतंय," भगवानरावांचं ठरलेलं उत्तर.

महिनाभर रोज जेवताना हीच हुज्जत. शेवटी केशरबाईंनी निकाल लावला. एक किलो तरी उतरलं तर दही चालू, नाहीतर भगवानरावांनीही केशरबाईंसारखं ताकावर भागवायचं. घरात म्हैस एकच. विरजण लागायचं त्यातलं दाट दही वाडग्यात जायचं, उरलेल्याचं ताक व्हायचं. दही केशरबाईंनाही लय आवडायचं, पण तसं त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याही बोलल्या नव्हत्या.

लिंबाजीनं मापं चढवायला सुरुवात केली. पन्नास. वीस. दहा. पाच. मग एक किलोचं छोटं माप. काटा हलला, डुलला आणि मधोमध थांबला. केशरबाईंनी मनातल्या मनात बेरीज केली. शहाऐंशी. वाढलं नाही की घटलं नाही.

"पंच्याऐंशी!" लिंबाजी ओरडला.

तीस वर्षं हा माणूस पोती मोजत होता. पोत्यामागं किलोभर बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा केल्याशिवाय त्याच्या तोंडून आकडाच निघत नसे. आजही त्यानं सवयीनं वजा केलं. पारड्यात पोतं नव्हतंच, भगवानराव होते, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"बघ! बघितलंस का?" भगवानराव पारड्यातूनच ओरडले. "किलोभर उतरलं! मी काय सांगायलोय महिन्यापासून?"

केशरबाईंच्या ओठांवर शहाऐंशी आला होता. पण समोर गुडघे दुखत असूनही टुणकन उतरू पाहणारा नवरा होता. महिनाभर या माणसानं तुपाकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यांना त्याची मायाच आली. त्यांनी फेटा पुढं केला.

"बांधा. ऊन लागतंय."

घरी पोचेपर्यंत भगवानरावांनी पाच जणांना थांबवून दह्याचे गुण सांगितले. एकाला तर त्याच्या बायकोलाही खाऊ घालायचा सल्ला दिला.

दुपारी पाट मांडले. भाकरी, लसणाची चटणी, आणि ठरल्याप्रमाणे काठोकाठ भरलेला दह्याचा वाडगा. भगवानरावांनी वाडग्याकडं हात नेला, तोच केशरबाईंनी पळी घातली आणि वरचं सायीचं दही उचलून आपल्या ताटात घेतलं.

"हे काय गं?"

"बारदान."

भगवानरावांचा हात थांबला. काटा, मापं, लिंबाजी असं सगळं एकेक करून त्यांना आठवलं आणि शहाऐंशीचा हिशेब लागला. पोट हलेपर्यंत ते हसले. मग तिच्या हातातली पळी घेतली आणि आणखी एक पळीभर दही तिच्या ताटात वाढलं.

"नीट धर की बारदान," ते म्हणाले. "महिन्याभराचं राह्यलंय."