टेबलाच्या पायाखालचं घोडदळ

'माहीत नाही' एवढे दोन शब्द नाणेमामांना आयुष्यात कधी उच्चारता आले नव्हते. जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचे ते बावीस वर्षं अध्यक्ष होते. मंडळाचा नियम साधा होता. प्रत्येक वस्तूला एक कागदी पाकीट. नुसता अंदाज असेल तर त्यावर पेन्सिलीने लिहायचं, खात्री पटली की शाईने, आणि खाली ओळख पटवणाऱ्याचं नाव. मामांच्या घरात पेन्सिलच नव्हती.

मंडळातल्याच एका चष्म्याच्या दुकानदाराचा, म्हणजे चष्मेवाल्याचा, या अध्यक्षपदावर बरेच दिवस डोळा होता. जुन्या आरामखुर्चीच्या गादीत सापडलेली एक पितळी चकती त्याने भर बैठकीत मामांपुढे ठेवली.

"अध्यक्षसाहेब, पुढच्या रविवारपर्यंत ही काय वस्तू आहे ते सांगा. नाही जमलं तर तसंही सांगा. निवडणूक त्याच दिवशी आहे, सोयीचं पडेल."

चकतीच्या एका बाजूला धावता घोडा. दुसऱ्या बाजूला पाचाचा आकडा आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत दोन सरळ खाचा. ना साल, ना अक्षर. मामांनी ती तीनदा तोलली, तीन वेगळी वजनं आली, त्यातलं आवडलं ते ठेवलं. शनिवारपर्यंत चौदा पानांचा निबंध तयार झाला. घोडा म्हणजे घोडदळ. पाच म्हणजे पाचवी तुकडी. दोन खाचा म्हणजे दोन नद्या, ज्यांच्यामध्ये छावणी होती. कोणत्या नद्या, हे मामांनी उदार मनाने पुढच्या संशोधकांसाठी सोडलं.

दुपारी मामी चादरींना इस्त्री करत होत्या. त्यांच्यापुढे रंगीत तालीम सुरू झाली.

"अगं, ऐकतेस ना?"

"हात गुंतलेत, कान नाही. वाचा."

नवव्या पानावर घोडदळ नदी ओलांडू लागलं तशी मामींनी इस्त्री उभी केली, चकती उचलली आणि न बघताच खाचांवरून अंगठा फिरवला.

"पाच म्हणजे पाच डाव, अहो. घोड्यांच्या शर्यतीचं यंत्र असायचं, खेळघरात. पत्र्याचे सहा घोडे. हे टोकन टाकलं की पळायचे. आत दोन पट्ट्या होत्या, त्या या खाचांत बसायच्या. दुसरं काही टाकलं की यंत्र थुंकायचं."

"तुला कोणी सांगितलं?"

"लग्नाआधी मी कुठे नोकरीला होते?"

"ऑफिसात."

"कसल्या?"

मामांनी छताकडे पाहिलं. कोणत्या राजाने कोणाच्या मुलीशी कधी लग्न केलं हे त्यांना तोंडपाठ होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र चाळीस वर्षांत एवढी खोल चौकशी झाली नव्हती.

"खेळघराच्या खिडकीत जाळीमागे बसून दोन वर्षं हीच टोकनं विकली मी. दिवे गेले तरी बोटांनी ओळखायचे."

"पुरावा?"

"टेबल उचला."

मामांनी कण्हत टेबलाचा डावा पाय उचलला. खाली पितळी चकती होती. तोच घोडा, तोच पाच, त्याच खाचा.

"घर लावलं तेव्हापासून डुगडुगत होतं. तुम्ही म्हणालात, बघतो. मग मीच बघितलं."

चौदा पानांचं संशोधन ज्या टेबलावर पार पडलं, ते टेबल पुराव्यावरच उभं होतं. मामांनी खालची चकती मामींना दिली, टेबलाचा पाय खाली ठेवला आणि ते हळूच म्हणाले, "चष्मेवाल्याला यातलं काय कळतंय म्हणा!"

"काही नाही कळणार," मामींनी चकती पर्समध्ये टाकली. "उद्या मीही येते. तुमची बैठक एकदाही पाहिली नाही."

रविवारी मामा निबंध घेऊन उभे राहिले. "पाचव्या घोडदळाचं हे..." शेवटच्या रांगेत मामी बसल्या होत्या. चेहरा शांत, अंगठा चकतीवर. मामा पाणी प्यायले. पुन्हा प्यायले.

"हे खेळाच्या यंत्राचं टोकन आहे. पाच डावांचं."

"कशावरून?" चष्मेवाला उठला.

"मला..." सगळं मंडळ पुढे झुकलं. "मला माहीत नव्हतं. हिला होतं."

चष्मेवाल्याने सगळ्या उत्तरांची तयारी केली होती, हे एक सोडून. मामींनी आपली चकती त्याच्या चकतीशेजारी ठेवली. जुळी भावंडं! पाकिटावर शाईने मामींचं नाव लागलं. मग लोकांनी हौसेने आणखी पाकिटं त्यांच्यापुढे आणली. चहा येईपर्यंत मामांची एक राजमुद्रा नाटकगृहात कोट ठेवल्यावर मिळणारा बिल्ला निघाली आणि एका सेनापतीचं पदक कपडे धुण्याच्या यंत्राचं टोकन. मामांनी स्वतःची शाई स्वतःच्याच हाताने खोडली.

तरीही अध्यक्ष मामाच झाले. सभासदांनी हिशेब केला: यांना काढलं तर त्याही येणार नाहीत.

घरी येऊन मामा टेबलाशी बसले आणि टेबल डुगडुगलं.

"अगं, ती चकती?"

"मंडळाच्या पाकिटात गेली. शाईने नाव पडलंय माझं, आता परत कसली मागताय?" मामींनी निबंधाची चार पदरी घडी करून त्यांच्या हातात दिली. "हा घाला पायाखाली. जाडी बरोबर आहे."