पांढऱ्या वाघिणीचं स्थळ

प्राणीबागेच्या व्यवस्थापकाला कल्पना सुचली की तो आधी जाहिरात करायचा आणि मग थोरल्या बहिणीला विचारायचा. बहीण त्याच बागेत प्राण्यांची डॉक्टर. कचेरीत सगळ्यांसमोर त्याला "साहेब" म्हणताना ती असा काही सूर लावायची, की कारकून फायलीत तोंड खुपसून हसायचे.

या वेळी त्याने फाटकावर भलंमोठं चित्र लावलं. पांढरी वाघीण आणि तिच्याभोवती पांढरेशुभ्र बछडे. वाघीण बागेत होतीच. बछडे व्हायचे होते.

"नवरदेव कोण?" ताईने विचारलं.

"दुसऱ्या बागेतला पांढरा वाघ. निळे डोळे, तपकिरी पट्टे, देखणा एकदम. बोलणी झालीयेत."

"देखणा असणारच. तिचा सख्खा भाऊ आहे तो."

धाकट्याने कप खाली ठेवला. "वाघांना त्याचं काय गं?"

"वाघांना काही नाही. पिल्लांना आहे." ताईने खुर्ची ओढली. "पांढरा वाघ ही काही वेगळी जात नाही, बाबा. एका जनुकातला बदल आहे. तो आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून आला तरच पिल्लू पांढरं. जंगलात असा जोडा जुळणं म्हणजे लाखात एक. बागांमध्ये आपण घरातल्या घरात जुळवतो. मग कुणाचा पाय वाकडा, कुणाची टाळू फाटलेली. आणि तिरळेपणा तर त्या रंगाबरोबरच येतो."

"आपली तिरळी नाहीये," तो घाईघाईने म्हणाला.

बांबूला टांगलेल्या मांसावर वाघीण झेप घ्यायची ती हमखास वीतभर बाजूला. मग हेच करायचं होतं अशा थाटात पंजा चाटत बसायची. व्यवस्थापक प्रेक्षकांना सांगायचा, "बाईसाहेबांना आज भूक नाही."

ताईने ते स्थळ मोडलं आणि दुरून एक नारिंगी वाघ आणवला. वाघिणीने आधी जाळीतूनच त्याच्यावर फिस्कारून घेतलं. मग एके सकाळी दोघं जाळीला गाल घासताना दिसली, तेव्हा ताईने मधलं दार उघडलं.

"एखादं तरी पांढरं निघेल ना?"

"याच्या घराण्यात तो गुण नाहीच. सगळी नारिंगी निघतील. पांढरेपणा आत दडून राहील."

त्याने 'राहील' एवढंच मनावर घेतलं आणि फाटकावरचं चित्र तसंच ठेवलं.

तीन पिल्लं झाली. तिन्ही नारिंगी. तो पिंजऱ्यातल्या कॅमेऱ्याच्या पडद्याला नाक लावून बसला. "डोळे उघडले की रंग उजळेल का गं?"

"वाघ आहे, साहेब. शर्ट नाही, धुतल्यावर उजळायला."

पिल्लं बाहेर सोडली त्या दिवशी कठड्याशी ही गर्दी! "पांढरे कुठायत?" एका आजोबांनी विचारलं. व्यवस्थापक माईक हातात घेऊन घसा साफ करतोय तोवर सगळ्यांत धाकटं पिल्लू डबक्यात घसरलं. वाघीण धावली. तिचा जबडा मिटला तो नुसत्या पाण्यावर. पुन्हा मिटला, पुन्हा पाणीच.

"डावीकडे! अगं, डावीकडे घे! तिरळी आहे हो ती, दिसत नाहीये तिला!"

माईक चालू होता. अख्ख्या बागेला ही बातमी त्याच्याच तोंडून कळली. तेवढ्यात वाघिणीने पिल्लाची मान पकडली, त्याला काठावर आणून टाकलं आणि पुसून काढावं तसं चाटलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. काही जण कुरकुरत निघूनही गेले, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो कठड्यावरून वाकून पिल्लाकडे बघत होता.

पिल्लं वाढली तशी ताईने तिघांना तीन दिशांच्या बागांमध्ये द्यायचं ठरवलं, म्हणजे पुढे आपापसात जोड्या लागायच्या नाहीत. धाकट्या पिल्लाला पोचवायला भावाने दुसऱ्या कुणाला जाऊच दिलं नाही. ट्रकमध्ये ताईबरोबर तो स्वतः बसला.

तिथल्या बाईंनी पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. "आई पांढरी म्हणालात ना? हा तर साधाच दिसतोय."

"साधा?" व्यवस्थापक ताठ झाला. "अहो बाई, वाघाचा रंग हाच! जनुक म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला? बसा, सांगतो."

ताई शेजारीच उभी होती. खोकला आल्याचं निमित्त करून तिने तोंड फिरवलं.