कुंपणाआडचं घर

डीलियाला घरातूनच जायचं होतं. म्हणजे मेल्यावर. तिची सासू, तिचा नवरा, दोघांनाही शेवटचं घरच्याच स्वयंपाकघरात, खिडकीखाली ठेवलं होतं. सगळा गाव लोटला होता. चहावर चहा, सँडविचांची ताटं आणि गेलेल्या माणसाच्या खोड्या आठवून हसणं-रडणं. "मला मयत ठेवायच्या त्या बाजारातल्या फ्युनरल होमात नेलंत ना, तर शवपेटीतून उठून चालत घरी येईन," असा दम ती दर नाताळाला भरायची. आणि शेवटी इस्पितळाच्या खाटेवर तिनंच लेकाचं मनगट धरून सांगितलं, "कोलमन, घरी नको नेऊस मला. फ्युनरल होमच बरं."

का, हे कोलमनला विचारावं लागलं नाही. घरी ठेवलं तर गाव येणार, गाव आला की परसात जाणार, आणि परसात त्याच्या पोरींच्या डोक्यावरचं छप्पर होतं.

तो, त्याची बायको सोर्का आणि दोन पोरी आधी गॉलवे शहरात भाड्यानं राहायचे. घरमालकाला घर विकायचं होतं, त्यानं नोटीस दिली. वकील ग्लिननं कागद उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, "मुदत पुरती दिलीय, कारण कायद्यात बसतंय. भांडून उपयोग नाही." दुसरं घर मिळेना. एकेक खोली बघायला रस्त्यापर्यंत रांगा! तेव्हा डीलिया म्हणाली, "माझं परस काय कोंबड्यांसाठीच आहे होय? लाकडी घर टाका तिथं."

पुन्हा ग्लिनची पायरी. या वेळी डीलिया स्वतः टोपी घालून आली होती.

"बांधकाम परवानगी लागेल," ग्लिन म्हणाला. "अर्ज करा. फाटकावर नोटीस लावायची. कुणाची हरकत असेल तर तो पाच आठवड्यांत कळवेल."

"आणि अर्ज नाही केला तर?"

"तसं करा असं मी सांगणार नाही हं, मिसेस हॅनली."

"सांगू नका हो. नुसतं बोला."

ग्लिननं सुस्कारा सोडला. "सात वर्षांत कौन्सिलनं कारवाई केली नाही, तर पुढे ते पाडा म्हणू शकत नाहीत. बेकायदा ते बेकायदाच राहतं, पण उभं राहतं. तरी माझं ऐका, अर्ज करा. तुमच्यावर कोण हरकत घेणार आहे?"

शेवटचं वाक्य म्हातारीच्या कानात शिरलंच नाही. गावात मागे एकाच्या गोठ्याबद्दल कुणीतरी कौन्सिलला निनावी कळवलं होतं. कोणी, ते कधी कळलं नाही. म्हणजे संशय सगळ्यांवरच. "सात वर्षं तोंडाला कुलूप," ती गाडीत बसता बसता म्हणाली. अर्ज न करताच लाकडी घर परसात उभं राहिलं. आणि त्या बाईनं कुलूप लावलं ते तोंडाला नाही, मागच्या दाराला!

आता मागचं दार म्हणजे काय, हे त्या गावच्या माणसालाच कळेल. पुढच्या दारानं पाद्री येतो आणि विमेवाला येतो. आपलं माणूस मागून, परसातून, न ठोठावता येतं. पेग लॅली, शेतापलीकडची शेजारीण, चाळीस वर्षं तशीच अकराच्या चहाला यायची. एका सकाळी तिनं कडी ढकलली आणि दार हललं नाही. डीलिया खिडकीतून म्हणाली, "आज बरं नाही गं मला." मग पुन्हा बरं नव्हतं. मग पुन्हा. पेग शहाणी बाई, तिनं येणं सोडलं.

त्याच हिवाळ्यात पेगच्या नवऱ्यानं, टॉमनं, दोन्ही घरांच्या मधलं, रस्त्याकडेचं काटेरी कुंपण छाटलं नाही. पुढच्याही नाही. ते माणसापेक्षा उंच झालं. डीलिया चहाचा एकुलता कप हातात धरून ते बघत बसायची. "पाहिलंस, कोलमन? आमचं घरसुद्धा नजरेला नको झालंय त्यांना." आणि कधी कधी रडायची. कोलमन म्हणायचा, "जा ना आई, सांग तिला." "पेगला सांगितलं म्हणजे टॉमला सांगितलं, आणि टॉमला सांगितलं म्हणजे दारूच्या गुत्त्याला. माझ्या नाती रस्त्यावर येतील. सात वर्षांनी जाईन की!"

सात वर्षं भरायला एक उन्हाळा उरला होता, आणि ती गेली.

फ्युनरल होममध्ये लोक रांगेनं आले, हात मिळवून "वाईट झालं" म्हणत पुढे सरकले. ना चहा, ना हसणं. पेग पेटीपाशी आली ती हललीच नाही.

"ही इथं काय करतेय?" ती रागानं म्हणाली. "हॉटेलात उतरल्यासारखी! घरी का नाही नेलंस रे हिला?"

कोलमनला राहवलं नाही. त्यानं खालच्या आवाजात सगळं सांगून टाकलं.

"कुठलं लाकडी घर? ते हिरव्या दाराचं?"

"तुम्हाला कसं ठाऊक?" कोलमननं विचारलं.

"अरे, ते घेऊन येणारा ट्रक वळणावर रुतला होता. आमच्या टॉमनं ट्रॅक्टर लावून काढला. सगळ्या गावाला ठाऊक आहे! तिला सांगायचं नाहीये, तर आपण कशाला विचारून तिला ओशाळं करा, म्हणून गप्प बसलो." पेगनं डीलियाच्या थंड हातांवर हात ठेवला. "रस्त्यावरून दिसत होतं ते. कौन्सिलच्या गाड्या जातात तिथून. म्हणून टॉमला म्हटलं, कुंपणाला कात्री लावशील तर खबरदार. वाढू दे. मला वाटलं, तिला कळेल. कळलं होतं ना रे तिला?"

खोटं बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण पेग त्याला लंगोटात असल्यापासून ओळखत होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच ती खुर्चीवर बसली.

"अगं वेडे," ती पेटीकडे बघून म्हणाली. "अगं वेडे बाई."

चर्चला न्यायची वेळ झाली. झाकण लावायला माणसं आली. कोलमननं पेगला हाताला धरून उठवलं.

"मातीनंतर घरी या, पेग. मागच्या दारानं या. कडी काढून ठेवतो."

"कुणाकडे येऊ रे आता?" पेग म्हणाली, आणि झाकणाला जागा करून द्यायला बाजूला सरली.