पुढच्या पुष्पचक्रावर सूट

मित्रांनो, मी एक पॉपअप आहे. नाव ओळखीचे वाटले नाही तरी आपली गाठ पडलेली आहे. मोबाइलवर एखादे दुकान उघडावे, वस्तू बघायला घ्यावी, तेवढ्यात मध्येच एक चौकट उडी मारून सगळा पडदा अडवते. ती चौकट म्हणजे मी. तुम्ही चरफडत मला बंद करता. रागावू नका असे मी म्हणणार नाही, कारण मला स्वतःलाच माझी किळस येते. का येते, ते सांगतो.

माझा जन्म विरारला, चंदनसारच्या एका छोट्या फ्लॅटमध्ये, ऋतिका नावाच्या मुलीच्या हातून झाला. ऋतिका लोकांना वेबसाइट करून देते. वसईच्या खाडीकडच्या एका गावातल्या हंसाने तिच्याकडून फुलांचे ऑनलाइन दुकान करून घेतले होते. हंसाचे वडील नथूबाबा यांची तिथे वाडी आहे. सोनचाफा, मोगरा, तगर. फुले नथूबाबा तोडायचे, हार हंसा करायची, आणि रोज एखादे फूल संपले की गिऱ्हाइकाला ते आधीच कळावे म्हणून ऋतिकाने मला बनवले.

तेव्हा मी साधा होतो. पांढरी चौकट, काळी अक्षरे. “नमस्कार. सोनचाफा आज संपला. उद्या सकाळी मिळेल.” कोपऱ्यात बंद करण्याची फुली होती, चांगली अंगठ्याएवढी. मी पुढे यायचो, सांगायचे ते सांगायचो आणि बाजूला व्हायचो. मनवेलपाड्याच्या एका आजींनी हंसाला कळवले होते, “तुमची पाटी आधीच सांगते म्हणून बरं. उगाच वाट बघत बसावं लागत नाही.” त्या वाक्यावर मी कित्येक दिवस खूश होतो.

मग विकी आला. विकी हंसाचा चुलतभाऊ. व्हिडिओ बघून बघून तो बरेच काही शिकला होता. मला पाहून तो म्हणाला, “ताई, असली पाटी कोण वाचतं? मस्तपैकी कस्टम पॉपअप टाकतो. पब्लिक हलली नाही पाहिजे.”

मित्रांनो, त्याने माझे काय केले ते सांगायलाही मला ओकारी येते. माझ्या अंगावर लाल-पिवळा भडक रंग फासला. पोटात एक गरगर फिरणारे चक्र बसवले. गळ्यात पिपाणीचा आवाज घातला. माझी फुली त्याने तिळाएवढी केली, राखाडी केली, आणि दहा सेकंद ती दिसणारच नाही अशी सोय केली. “नको” म्हणायचे असेल त्याच्यासाठी खाली फिकट अक्षरांत लिहिले, “नको, मला फायद्याची गरज नाही.” म्हणजे नको म्हणणाऱ्याने आधी स्वतःचाच अपमान करून घ्यायचा!

एवढ्यावर भागले नाही. “आत्ता तेहतीस जण हाच हार बघत आहेत,” असे मी सांगू लागलो. दुकानात चिटपाखरू नसले तरी सांगू लागलो. आकडा फाशासारखा पडेल तो. आणि शेवटी विकीने माझ्या मजकुरात दोन रिकाम्या जागा ठेवल्या. एकीत गिऱ्हाइकाचे नाव आपोआप यायचे, दुसरीत त्याने निवडलेली वस्तू.

त्या दोघांनी मला चालवून पाहिले. आधी हार निवडला, मग गजरा, मग पुष्पचक्र. पुष्पचक्राची ओळ उमटली तेव्हा विकी फिसकन हसला. हंसाही हसली. “राहू दे, एवढं कोण बघतंय,” असे म्हणून तिने लॅपटॉप मिटला.

गिऱ्हाइके वाढली, हे खोटे नाही. हंसाला माझे कौतुक वाटू लागले. मनवेलपाड्याच्या आजींचा पुन्हा निरोप आला, “देवापुरती दोन फुलं घ्यायला येते गं. तुमचं ते चाक बंद कसं करायचं, तेवढं सांग.” हंसाने तो वाचला आणि बाजूला सारला.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी फर्डिनंडकाकांच्या मोबाइलवर उघडलो. काका नथूबाबांच्या गावचेच. काका, त्यांचे थोरले भाऊ मार्सेल आणि नथूबाबा बरोबरीने वाढलेले. वाडीतले बावखल, म्हणजे फुलांना पाणी पुरवणारे तळे, गाळाने भरले की ते उपसायला मार्सेल दर उन्हाळ्यात आपले घमेले घेऊन यायचे. ते मार्सेल पहाटे वारले होते. हॉस्पिटलच्या बाकावर बसून काकांनी आधी नथूबाबांना फोन लावला होता. पण बाबा वाडीत, आणि फोन घरात. तेव्हा काकांनी दुकान उघडले. “फोन नाही लागला तर इथे ऑर्डर टाका,” असे हंसानेच त्यांना शिकवून ठेवले होते.

त्यांनी पांढऱ्या फुलांचे पुष्पचक्र निवडले. स्वतःचे नाव लिहिले. आणि मी उडी मारली.

त्यांचा अंगठा फुली शोधत माझ्या अंगावर फिरत राहिला. फुली नव्हतीच. अंगठा चक्राला लागला. चक्र गरगरले, पिपाणी वाजली, रंगीत कागदांचा पाऊस पडला, आणि त्या शांत जागेत मी झळकलो, “अभिनंदन फर्डिनंड! तुम्ही जिंकलात! पुढच्या पुष्पचक्रावर वीस टक्के सूट!”

बाकावरची माणसे वळून बघू लागली. काकांनी मोबाइल छातीशी दाबून धरला. पिपाणी तरीही वाजतच होती.

थोड्या वेळाने नथूबाबा वाडीतून परतले तेव्हा पडवीत फोन पुन्हा वाजला, आणि त्यांनी तो स्पीकरवर घेतला. हंसाच्या लॅपटॉपवर मी उघडाच होतो, म्हणून मला सगळे ऐकू आले.

“नथू, मार्सेल गेला.”

बाबांनी हातातली परडी खाली ठेवली. “कवा?”

“पहाटे. तुझ्या दुकानातनं पुष्पचक्र घेत होतो. दुकान म्हणतं, पुढच्यावर सूट आहे.”

“कसलं पुढचं?”

“तेच तुला विचारतोय. घरात आता मी आणि माझी बायको. पुढचं कोणासाठी घेऊ?”

बाबांना काही कळेना. त्यांनी हंसाकडे पाहिले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पुष्पचक्र बाबांनी स्वतः बांधले. तगर आणि मोगरा, दुसरे काही नाही. दुपारी बापलेक ते घेऊन काकांच्या घरी गेले. काकांनी ते बाबांच्या हातून घेतले आणि दोघे म्हातारे एकमेकांना धरून उभे राहिले. हंसा हात जोडून म्हणाली, “काका, चुकलं माझं.” काकांनी ऐकले, पण तिच्याकडे पाहिले नाही. ते शवपेटीजवळची मेणबत्ती सरळ करत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विकीला बोलावून लॅपटॉपसमोर बसवले.

“काय लिवलंस ते मोठ्यानं वाच.”

“काका, ते मी लिहिलं नाय. ते आपोआप होतं. नाव आपोआप, वस्तू आपोआप...”

“वाच.”

विकीने सुरुवात केली. “अभिनंदन फर्डिनंड. तुम्ही जिंकलात.” आवाज खाली गेला. “पुढच्या...” आणि तो थांबला. त्याने दोनदा तोंड उघडले, पण शब्द काही बाहेर येईना.

“ऊठ विकी,” हंसा म्हणाली. “उरलेलं मी वाचते.” तिने ते शेवटपर्यंत वाचले. मग बाबांकडे वळून म्हणाली, “बाबा, हे मला आधीच माहीत होतं. आम्ही करून बघितलं होतं. मी हसले होते.”

बाबांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, “विकीला अक्कल नाय म्हनून विकीनं लिवलं. तू तर मार्सेलच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीस.” आणि ते उठून वाडीत गेले. त्या दिवशी ते घरी जेवायला आले नाहीत.

हंसा चंदनसारला गेली आणि ऋतिकासमोर बसून तिने मला साफ करवून घेतले. चक्र गेले, पिपाणी गेली, खोटी गर्दी गेली. पुष्पचक्राच्या पानावर तर मी आता येतच नाही. फर्डिनंडकाकाही त्यानंतर दुकानात आलेले नाहीत. नथूबाबा रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसतात. हंसा अजून गेलेली नाही. रंग उतरला तरी मला स्वच्छ वाटत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणीतरी माझ्यासारख्या चौकटी बनवील. कोणाच्या डोळ्यांपुढे मला उभे करण्याआधी माझ्यावरचा मजकूर घरातल्या वडीलधाऱ्या माणसासमोर मोठ्याने वाचा. वाचताना जीभ अडखळली, तर तो तिथेच पुसून टाका. आपोआप काही होत नसते. मला किळस येते, पण स्वतःहून थांबता येत नाही. ते तुम्हालाच करावे लागेल.