दोन बोरं

कुआंग वैद्यांनी गुडघे टेकले आणि गल्लीच्या तोंडाशी वाळून पडलेला काढ्याचा चोथा बोटांनी उसकटायला सुरुवात केली. औषधाचा चोथा रस्त्यावर टाकायचा, जो तुडवील त्याच्या पायांबरोबर दुखणं निघून जातं, ही तिथली जुनी रीत. पण लिझेन गेली तेव्हापासून सगळे या ढिगांना वळसा घालून जात होते.

लिझेनचा इसब लहानपणापासूनचा. लग्न ठरलं तशी तिची आई गुईरोंग पुड्या न्यायला आली. त्यातली एक साल खाज घालवते, पण जास्त झाली की यकृतावर उठते. म्हणून वैद्यांनी बजावलं होतं, दिवसाला एकच पुडी. पोरीचे डोळे पिवळे झाले, तिला चेंगदूच्या इस्पितळात नेलं, आणि तिथून ती परत आलीच नाही.

"काय उकरताय आता?" दारातून गुईरोंग म्हणाली. "माझी पोर सापडणारे का त्यात?"

काढ्याचा कडूपणा मरावा म्हणून ते प्रत्येक पुडीत एक सुकं लाल बोर टाकत. एकच. या एका दिवसाच्या ढिगात दोन होती. त्यांनी शेजारचा ढीग पाहिला. तिथेही दोन.

गुईरोंग जवळ आली. तिचा आवाज उतरला.

"वैद्यकाका, खरं सांगा. माझं काही चुकलं का हो? लग्न तोंडावर आलेलं. पोर रोज रडायची, आई, असले हात घेऊन सासरी कशी जाऊ म्हणून. मला वाटलं..."

वैद्यांची नजर दुकानाकडे गेली. पिढ्यान्‌पिढ्यांचं दुकान, त्यावर त्यांच्या आजोबांच्या हातची पाटी. त्यांनी बोरं मुठीत घट्ट धरली.

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "माझाच हात चुकला. साल जास्त पडली."

गुईरोंगने हंबरडा फोडला.

"मेल्या, दिसत नव्हतं तर तराजू कशाला धरलास? माझी सोन्यासारखी पोर खाल्लीस!"

शेजारची दारं उघडली. वैद्य मान खाली घालून सगळं ऐकत राहिले. ती रडून थकली, बायकांनी तिला घरात नेलं, तेव्हा ते भिंतीला धरून उठले. बोरं खिशात टाकली आणि दोन्ही ढिगांवर नीट पाय देत सावकाश दुकानाकडे निघाले.