मुराळ्याची मोठी चाकं

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो. औशाच्या बाजारात पंचाक्षरीचं किराणा दुकान आहे, त्याच्या दारात माझा मुक्काम. कारखान्यात माझ्या मापाची चाकं, चाकांच्या मापाच्या स्प्रिंगा आणि जोडीला शॉकअप असं सगळं एकमेकांना जुळवून बसवलं होतं. खड्डा आधी चाकाला लागतो, मग स्प्रिंग दबते, शॉकअप तिला आवरतो आणि आत बसलेल्या माणसाच्या हातातला चहा सांडत नाही. सगळं आयुष्य मी हेच काम केलं आणि त्याचा मला अभिमान आहे.

पंचाक्षरी माणूस वाईट नाही, पण लोकांचं बोलणं त्याला फार लागतं. त्याची धाकटी बहीण अंजू नायगावला दिलेली. मागच्या पंचमीला तो मुराळी होऊन तिला माहेरी आणायला गेला, तर तिचा दीर अमरेश मला बघून हसला. ही औशापर्यंत पोचती का, असं काहीतरी म्हणाला. झालं, ते पंचाक्षरीच्या डोक्यात बसलं ते बसलंच. यंदा अंजूला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पुन्हा मुराळी व्हायची वेळ आली. तिला धक्के बसता कामा नयेत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि आमच्या शहाण्यानं काय केलं? मला लातूरला नेऊन मोठी, रुंद चाकं बसवून आणली.

काय सांगू, गल्लीतली पोरं टाळ्या वाजवत होती. मी चार बोटं उंच झाले होते आणि आतून पार घाबरले होते. चाकं इतकी जड, की ती खड्ड्यातून उसळली की शॉकअपला आवरेनात. चाक आणि मडगार्डामध्ये पूर्वी अख्खा हात जायचा, आता जेमतेम दोन बोटं जात होती. वेगाचा काटा दाखवायचा त्याहून मी जोरातच पळायचे. पंचाक्षरीनं मला बायपासवर रिकामी फिरवून पाहिलं आणि म्हणाला, झकास. अरे बाबा, मुराळी कधी रिकामा परततो का?

अंजूच्या सासूबाई नागम्मा दिलदार बाई. दिवस गेलेल्या सुनेला तशीच पाठवली तर चारचौघांत नाक कापलं जाईल, असं त्यांना वाटायचं. आम्ही नायगावला पोचलो तसं त्यांनी तुरीच्या डाळीचं पोतं चढवलं, हरभऱ्याचं चढवलं, शेंगांचं चढवलं, अर्धापूरच्या केळीचे घड वर ठेवले आणि सोबतीला म्हणून स्वतःही मागं बसल्या. माझी पाठ दबत दबत गेली आणि मागची चाकं मडगार्डाला भिडायला आली. पंचाक्षरी मात्र अमरेशकडं बघून मिशीला पीळ देत होता.

मुखेड सोडलं आणि उतार सुरू झाला. प्रत्येक खड्ड्याला स्प्रिंग पुरती दबून धाडकन आपटायची. अंजू पुढं बसली होती, पोटावर दोन्ही हात धरून, ओठ दाबून. वळण आलं की मागचं डावं चाक खर्र करून घासायचं. मी ओरडत होते मित्रांनो, जीव तोडून ओरडत होते. पंचाक्षरीला ते ऐकू गेलं, शपथेवर सांगते. पण बहिणीच्या सासूसमोर गाडी बिघडली असं म्हणायचं कसं? त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

रबर जळल्याचा वास आला. समोर मोठं वळण दिसत होतं, त्याच्या पलीकडं नुसता खोल ओढा. तेवढ्यात अंजूनं हात लांबवून गाणं बंद केलं.

"अण्णा, गाडी ओरडून राहिली. थांबव."

"पोत्यांचा आवाज हाय तो."

"न्हाई. मला भेव वाटून राहिलं. थांबव म्हणते ना."

त्यानं ब्रेक दाबला, तर पाय भसकन आत गेला. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत त्यानं मला कसंबसं कडेच्या मुरमाच्या ढिगाला टेकवलं. मी थांबले, तेव्हा ते वळण अगदी पुढ्यात होतं.

खाली वाकून बघितलं, तर टायरचे दोरे बाहेर आले होते आणि चाकाशेजारची ब्रेकची नळी घासून तिच्यातून तेल ठिबकत होतं. पंचाक्षरी तिथंच मुरमावर बसला.

"मावशी, तुमच्या घरचे हसू नयेत म्हणून चाकं बदलली मी," तो म्हणाला.

नागम्मांनी आधी अंजूच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "आमचा डोळा गाडीवर नव्हता बाबा. आमचा डोळा हिच्यावर हाय."

त्यांनीच अमरेशला फोन लावला. तो त्याची छोटी गाडी घेऊन आला, वहिनीला आणि आईला जपून बसवलं, आणि माझ्याकडं बघून अजिबात हसला नाही. पंचाक्षरीनं मान खाली घालून पोती उतरवली.

माझी जुनी चाकं मला परत मिळाली, नळी नवी बसली. अंजूला मुलगी झाली. परवा तिला नायगावला पोचवायला त्याच रस्त्यानं मीच निघाले होते. बाळ आईच्या मांडीवर झोपलं होतं, आणि ते वळण गेलं तरी जागं झालं नाही.

मित्रांनो, गाडीला हार घाला, लिंबू बांधा, हवं तेवढं मिरवा. पण तिच्या मापाबाहेरचं तिच्या पायात घालू नका. आणि ती कधी ओरडली, तर गाणं मोठं करू नका.